आखाजीचा मुहूर्त

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात मी सॉफ्टवेअर करते असं सांगितलं की समोरचा माणूस आदराने मान हलवायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे टायपिंग ना?" मी चिडायचे. चिडणं हा माझा स्वभावच आहे, पण त्या प्रश्नावर जरा जास्तच चिडायचे, कारण मी पुण्याहून कोर्स करून आले होते आणि डोक्यात मोठमोठे शब्द घेऊन आले होते. त्यातला सगळ्यांत मोठा शब्द होता आर्किटेक्चर. प्रोग्रामलाही आर्किटेक्चर असतं, असं मी एकदा घरी जेवताना म्हणाले, तेव्हा सासऱ्यांना वाटलं मी घरावर मजला चढवायला काढलाय.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत सकाळी कॉम्प्युटरचा क्लास चालायचा, दुसरीत आम्ही चौघं प्रोग्राम लिहायचो. मी, क्लासमधूनच तयार झालेले दोन तरुण, आणि असोद्याहून रोज बसने येणारी एक मुलगी. मुलगी म्हणते मी, पण ती सून होती. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची लेक, बीएस्सी झालेली, लग्न होऊन असोद्याला आलेली. बोलायची कमी. प्रोग्राम मात्र असा लिहायची की वाचताना त्रास होत नसे, आणि हे मी फार थोड्या लोकांबद्दल म्हणेन.

तिच्या सासरी नोकरीला नाही म्हटलं नव्हतं, पण माहेरी पाठवायचं म्हटलं की सतरा कारणं निघायची. केळीचा माल कापायला आलाय, सासूबाईंचे गुडघे दुखताहेत, पाहुणे येणार आहेत. दिवाळीत नणंदा यायच्या म्हणून ही अडकायची. फक्त आखाजीला कुणाचं काही चालत नसे. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो, आणि दारात आलेल्या मुराळ्याला 'नाही' म्हणायची रीत नाही. वर्षातला तेवढा आठवडा तिचा होता. तो तिला कुणी दिलेला नव्हता, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं. होळी झाली की ती कामात गुणगुणायला लागायची. लिंबाला बांधलेला झोका, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, चौकात उघड उघड पत्ते कुटणारे पुरुष, हे सगळं ती डबा खाताना सांगायची, आणि एरवी दोन वाक्यांत संपणारं तिचं बोलणं तेव्हा संपता संपायचं नाही.

मी ऐकून घ्यायचे. माझं माहेर सासरपासून दोन गल्ल्या पलीकडे. घरात दूध नासलं तरी मी माहेरी जायचे. माहेरची ओढ वगैरे मला गाण्यातली गोष्ट वाटायची.

त्या वर्षी आम्हाला धुळ्याचं मोठं काम मिळालं. बियाणं आणि खतांचं दुकान, मूळ राजस्थानातलं पण कित्येक पिढ्या धुळ्यात मुरलेलं जैन कुटुंब. शेठ गोड बोलणारे, वेळेचे पक्के. त्यांना मालाचा साठा, विक्री आणि महिन्याचे तक्ते, हे सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं.

माझ्या आर्किटेक्चरला शेवटी जागा मिळाली. तोवर आमचे प्रोग्राम म्हणजे एकच लांबलचक मारुतीचं शेपूट. इथे दुरुस्ती केली की तिथे बिघडायचं. एकत्र कुटुंबात भांडणं नकोत म्हणून चुली वेगळ्या करतात, तसं मी या प्रोग्रामचं केलं. साठ्याचा भाग वेगळा, विक्रीचा वेगळा, तक्त्यांचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या भागात हात घालायचा नाही, काय हवं ते दारातून मागायचं. ही मांडणी चांगली होती, आजही मी ती तशीच करीन. पण त्याच झटक्यात मी माणसांच्याही चुली वेगळ्या केल्या. साठा तिचा, विक्री एका मुलाची, तक्ते दुसऱ्याचे. एकाने दुसऱ्याचं बघायचं नाही, विचारायचं नाही. हे मला फार शिस्तीचं वाटत होतं.

साठ्याचा भाग सर्वांत अवघड. एकाच वाणाच्या पिशव्या, पण लॉट वेगळा, मुदत वेगळी, जुना लॉट आधी गेला पाहिजे, परत आलेली पिशवी तिच्याच लॉटमध्ये जमा झाली पाहिजे. तिने तो सुरेख बांधला. काम चालू असतानाच एकदा ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "ताई, हा भाग त्या दोघांपैकी कुणाला तरी दाखवून ठेवू का? मी आखाजीला नसेन."

मी मान वर न करता म्हणाले, "आपलं पाडव्याला सुरू होणार आहे. आखाजीपर्यंत जुनं होईल ते. एका कामाला दोन माणसं लावायला आपण सरकारी कचेरी आहोत का?"

ती हसली आणि गेली. मला माझं वाक्य आवडलं होतं, मी ते संध्याकाळी घरी पुन्हा ऐकवलंसुद्धा.

पाडव्याचा मुहूर्त शेठनी धरला होता. आमच्या भागात तेव्हा सॉफ्टवेअर कधी तयार होतं याला महत्त्व नसे, ते कधी सुरू करायचं हे पंचांगात बघत. मी पाडव्याचं वचन दिलं आणि मग उत्साहाच्या भरात शेठना आणखी चार तक्ते कबूल करून आले. उचलली जीभ लावली टाळ्याला. पाडवा गेला, तक्ते अर्धवट. शेठ रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "ठीक आहे ताई. मग आता अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांतलाच तोही. आमच्यातही मोठा दिवस असतो."

एकदा शब्द मोडल्यावर दुसऱ्यांदा तोंड उघडायची माझी छाती नव्हती. मी हो म्हणाले. जळगावला परतताना बसमध्ये लक्षात आलं की त्या दिवशी साठ्याचा भाग जाणणारं एकच माणूस आहे आणि ते त्या दिवशी झोक्यावर बसलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. तिने की-बोर्डवरचे हात काढले. मग म्हणाली, "ताई, आखाजीला बियाणं घ्यायला कुणी येत नाही. शेठना विचारून बघा ना, दोन-चार दिवसांनी चालेल का."

"शेठनी तारीख दिलीय. आपण पाडवा चुकवलाय. आता विचारायचं तोंड आहे का आपल्याला?"

तोंड मला नव्हतं. 'आपल्याला' म्हणून मी तिलाही त्यात ओढलं, हे मला फार नंतर कळलं.

शिवाय मी आणखी एक शहाणपणा केला. तिच्या घरच्यांनी आयत्या वेळी घोळ घालू नये म्हणून स्वतः असोद्याला गेले. तिच्या सासूबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा झाला, शेव-मुरमुरे झाले. मी तिचं कौतुक केलं. "तुमच्या सुनेशिवाय आमच्याकडे पान हलत नाही," म्हणाले. "या खेपेला आखाजीला तिला नाही सोडता येणार. एवढं मोठं काम तिच्या एकटीवर आहे." सासूबाई सुखावल्या. शेजारणी ऐकत होत्या, त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "पाहा बरं, आमची सून म्हणजे काय!" ती आत चहाची भांडी घासत होती. बाहेर आली नाही.

आखाजी जवळ आली आणि तिचा भाऊ आला. नरडाण्याहून गाडीने जळगाव, तिथून असोदा. असोद्याच्यांनी मुराळ्याला 'नाही' म्हटलं नाही, रीतीला बाध नको. त्यांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. "तिच्या मॅडम सोडतात का, विचार," म्हणे.

उंच, काळासावळा, पांढरी टोपी, नवा सदरा. दारातच चपला काढल्या. मला हात जोडून म्हणाला, "अक्का, मी बहिनले लेवाले उनू."

मी त्याला बसायला सांगितलं. क्लासच्या पोरांसाठी जो बाक होता त्यावर तो बसला. मी त्याला समजावलं की काम मोठं आहे, शेठचा मुहूर्त आहे, ती नसेल तर सगळं अडेल. तो मान हलवत राहिला. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "मी बठस. सांजलोंग काम व्हई जाई का?"

काम संध्याकाळपर्यंत होण्यासारखं नव्हतं, पण हे त्याला कळेना, की कळूनही तो बसला होता, मला ठाऊक नाही. तो दिवसभर बाकावर बसला. ती त्याच्याकडे पाठ करून की-बोर्ड बडवत होती. दुपारी दोघांनी तिचा डबा वाटून खाल्ला. मी चहा पाठवला, बिस्किटंही पाठवली, आणि मनात म्हणत होते, हा जाईल कधी? माझ्या ऑफिसात माणूस असा बसून राहिलेला मला चालायचा नाही.

गाडीची वेळ झाली तसा तो उठला. माझ्यापाशी आला. आवाज चढवला नाही. "गावन्या बठ्ठ्या पोरी उन्यात, अक्का," म्हणाला, "हाईच ऱ्हायनी. माय सकायपाईन वाटले डोळा लाई बठेल शे. तिले काय सांगू?" गावच्या सगळ्या लेकी आल्या, हीच तेवढी राहिली, आणि आई सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसलीय, असं तो सांगत होता.

मी म्हणाले, "सांगा, पुढच्या वर्षी जास्त दिवस पाठवते."

जणू ती माझी पाठवायची होती! तो जिना उतरला, ती खिडकीशी गेली आणि तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग परत येऊन बसली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिचं काम अगदी बिनचूक झालं, आणि मी मनात समाधान मानलं, की बघा, माणूस कामात रमलं की दुःख विसरतं. इतकी मूर्ख मी पुन्हा कधी झाले नसेन.

आखाजीच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघी धुळ्याला गेलो. दुकानात आंब्याची तोरणं होती. कॉम्प्युटरला हार, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक, प्रिंटरपाशी उदबत्ती, तिची राख कागदावर पडते की काय म्हणून माझा जीव खालीवर. मुहूर्त आला. शेठनी घरातल्या वडीलधाऱ्या आजोबांना पहिलं गिऱ्हाईक केलं. बियाण्याची एक पिशवी, एक पावती. तिने कळ दाबली, प्रिंटर करकरला, पावती निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेढा हातावर ठेवला.

आता गर्दी येईल म्हणून मी पदर खोचून उभी राहिले. शेठ म्हणाले, "चला, झालं आपलं. आता दुकान बंद करतो."

"बंद?"

"आज आखाजी आहे ना, ताई. आज कोण येणार बियाणं घ्यायला? सगळे आमरस खाऊन पत्ते खेळत असतील. गर्दी आता पुढच्या आठवड्यापासून. आम्हालाही घरी कार्यक्रम आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोघी मुद्दाम सणाचं कशाला आलात? मुहूर्ताची एक पावती तर फाडायची होती. त्या मुलांपैकी कुणीही चाललं असतं."

एक पावती. विक्रीचा भाग लिहिणाऱ्या मुलाने ती डोळे मिटून काढली असती. साठ्याच्या भागाला त्या दिवशी कुणी हातसुद्धा लावला नाही.

आम्ही स्टँडवर आलो तेव्हा दुपार पुरती व्हायची होती. माझा संताप संताप झाला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं म्हणून मी तिच्यावरच काढला. "तुला ठाऊक होतं ना, आज कुणी येत नाही?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "बोलले होते, ताई."

समोर शिंदखेड्याची गाडी उभी होती. तिच्या गावाच्या फाट्यावरून जाणारी. मला एकदम सुटकेचा रस्ता दिसला. "अगं, ही बघ गाडी. तासाभरात घरी पोचशील. जा तू! चार दिवस राहा, सावकाश ये. मी असोद्याला निरोप देते."

तिने गाडीकडे पाहिलं. खिडक्यांमधून माहेरवाशिणी दिसत होत्या, नव्या बांगड्या, मांडीवर पोरं. ती एक पाऊल पुढे गेलीही. मग थांबली.

"अशी कशी जाऊ, ताई? मुराळी रिकामा गेला. आता मी एकटी, हात हलवत, नेसत्या लुगड्यानिशी गेले तर गाव म्हणेल सासरहून भांडून आली. आईला सगळ्यांना सांगत बसावं लागेल. आणि असोद्याला मी ऑफिसचं सांगून आलेय, माहेरचं नाही."

मला ते सगळं खुळचट वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. शिंदखेड्याची गाडी सुटली, मग आमची आली. जळगावपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. पारोळ्याच्या आसपास एका गावाबाहेर झाडाला झोका बांधलेला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. मी झोपेचं सोंग घेतलं.

काम उत्तम चाललं. शेठनी आणखी दोन दुकानदार मिळवून दिले. त्या वर्षी माझं नाव झालं, आणि मी मनाशी ठरवलं की पुढच्या आखाजीला तिला भरपूर सुटी द्यायची. होळी आली. ती गुणगुणत नव्हती. आखाजीचा आठवडा तोंडावर आला तरी तिने सुटीचं काढलं नाही, तेव्हा मीच विचारलं.

"नाही जायचं, ताई. घरी नको म्हणताहेत."

"नको म्हणताहेत म्हणजे? मुराळी?"

"भाऊ येऊन गेला. सासूबाई म्हणाल्या, गेल्या वर्षी ऑफिससाठी राहिली, काही बिघडलं का? मग यंदा घरच्यासाठी राहिली तर काय बिघडतं? नणंदा यायच्यात, करायला कुणी नाही."

मी तडक असोद्याला गेले. पुन्हा सतरंजी, पुन्हा चहा. मी गोड बोलून पाहिलं, मग आवाज चढवून पाहिला. आखाजीला लेक माहेरी जाते, ही रीत आहे, असं मी म्हणाले. मी, जिला वर्षापूर्वी ही रीत गाण्यातली गोष्ट वाटत होती! सासूबाई भांडल्या नाहीत. वाईट बाई नव्हती ती. त्यांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, तुमीच तं इथं बसून सांगितलं व्हतं, तिच्याबिगर पान हालत नाही. तुमचं पान तसं आमचं नाही का? तुमच्यासाठी रीत मोडली तं चाललं, मंग आमच्यासाठी का चालत नाही?"

मी सुपारी मुठीत धरून उठले. प्रोग्राम लिहिताना मी पोरांना नेहमी बजावायचे, की एकदाच, फक्त या खेपेपुरतं, असं म्हणून कुठेही आडवाट काढू नका, पुढे तोच रस्ता होऊन बसतो. आणि तिच्या आयुष्यात ती आडवाट मी स्वतःच्या हाताने काढली होती, वर शेव-मुरमुरे खाऊन. त्याच्या पुढच्या वर्षी भाऊ आला नाही. कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं, तरी यायचा बंद झाला. दोनदा रिकामा गेलेला मुराळी तिसऱ्यांदा कशाला येईल?

तोवर आमचं ऑफिस वाढलं होतं. आणखी पाच-सहा जण आले, त्यात तीन मुली, तिघी लग्न झालेल्या, एक अमळनेरची, दोन खेड्यांतल्या. मी शहाणी झाले होते. प्रत्येक भाग निदान दोघांना आला पाहिजे, असा नियम केला. आखाजीच्या आठवड्यात कुठलंही काम सुरू करायचं नाही, मुहूर्त असो नसो, हे दुकानदारांना आधीच सांगून टाकायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, दुसरीकडे जा. कुणीही गेलं नाही. सगळ्यांनी समजून घेतलं, अगदी पहिल्या झटक्यात. एवढं सोपं होतं ते.

ते सगळं बसवायला मला तिनेच मदत केली. कुणी कुणाचं काय शिकायचं हे तिनेच आखून दिलं, आणि शिकवताना तिला स्वतःला सगळेच भाग येऊन गेले. आखाजी जवळ आली. एकेकीचा भाऊ यायला लागला. ऑफिसच्या जिन्यात नव्या चपलांचे जोड दिसायला लागले, मुली पिशव्या भरून येत आणि दुपारीच पळत. मी खूश होते. मग ध्यानात आलं की तेवढ्यातही कुठल्या तरी दुकानात काही अडलं तर ऑफिसात एक माणूस हवं, सगळे भाग जाणणारं. मुलांपैकी कुणालाच सगळं येत नव्हतं. मी विचार करत बसले होते.

ती पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "मी आहे ना, ताई. मला कुठे जायचंय?"

बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी जन्मभर तिची आभारी राहिले असते. ती पुन्हा कामाला लागलीसुद्धा. मुली दारातून तिला हात करून चालल्या होत्या आणि ती त्यांना सांगत होती, जा गं, निर्धास्त जा, मी बघते.

आणि मी, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, "बरं" म्हणाले.